चूक आली की टकटक

आमच्या सरांना चुका करायला फार आवडायचं. नवऱ्याला सर म्हणते म्हणून हसू नका. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, मग मी एकटीनेच काय पाप केलं होतं? दिवसभर ते शाळेत फ्रेंच शिकवायचे आणि संध्याकाळी घरी, बाहेरच्या खोलीत. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीवर फळा. आतल्या खोलीत माझं शिलाईचं मशीन. मी पडदे शिवायची. घरांचे, दवाखान्यांचे, एकदा एका नाट्यगृहाचासुद्धा, तो घरात मावेना म्हणून जिन्यात पसरून शिवला होता. मधली भिंत इतकी पातळ की बाहेर कुणी शिंकलं तर आत मी रुमाल शोधायची.

त्यामुळे माझे कान फुकटात फ्रेंच शिकले. म्हणजे अर्थ एका अक्षराचा कळत नव्हता, पण चाल तोंडपाठ. ‘झ पोर्ते, त्यु पोर्ता, इल पोर्ता, नू पोर्ताम, व्हू पोर्तात, इल पोर्तेर.’ उचलून नेणं, वाहणं, असं काहीतरी ते क्रियापद आहे. मी उचललं, तू उचललंस, त्याने उचललं, अशी सगळी पंगत. हा म्हणे त्यांचा साधा भूतकाळ. एकदा मी विचारलं, की तिकडची माणसं असंच बोलतात का? तर म्हणाले, “छे! हा काळ कुणी बोलत नाही. फक्त पुस्तकात असतो.”

“मग पोरांचा जीव कशाला खाता?”

“पुस्तकं वाचायला नकोत का त्यांनी?”

मी हात टेकले आणि पडद्याची दुमड घातली.

आता चुकांचं सांगते. मुलांकडून ही ओळ घोकून घेताना सर मध्येच मुद्दाम चुकायचे. ‘नू पोर्ताम’ म्हणायच्या जागी भलतंच काहीतरी म्हणायचे, चेहरा अगदी साळसूद ठेवून. ज्याच्या लक्षात येईल त्याने बोलायचं नाही, बाकावर बोटाने टकटक करायची. बोलायचं का नाही, तर मोठ्या आवाजाची पोरं लाजऱ्या पोरांना बोलूच देत नाहीत, आणि टकटक कुणालाही करता येते. चूक आली की एकदाच टकटक, बरोबर असेल तर गप्प. दुसरा नियमच नव्हता. गंमत म्हणजे पुष्कळदा पहिली टकटक आतून यायची. मी कात्रीच्या मुठीने मशीनवर करायची. बाहेर पोरं खिदळायची आणि सर म्हणायचे, “आतल्या बाकावरच्या बाईंना पैकीच्या पैकी.” सर निवृत्त झाले तरी घरचा वर्ग चालूच राहिला, आणि माझी टकटकही.

मग एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. मी ओरडले, कारण मला वाटलं वेंधळेपणा. वर बघितलं तर तोंड एका बाजूला ओघळलेलं. मेंदूतली रक्ताची गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. ज्या माणसाने जन्मभर तोंडाने काम केलं त्याची नेमकी वाचा जावी, याचा मला इतका राग आला की दवाखान्यात मी नर्सवर, वॉर्डबॉयवर, पंख्यावर, ज्याच्यावर म्हणून तोंड टाकता येईल त्याच्यावर टाकलं.

कितीतरी दिवस नुसते हुंकार. मग एकदा नर्स त्यांचं अंग पुसत होती आणि ते अचानक स्वच्छ आवाजात म्हणाले, “झ पोर्ते, त्यु पोर्ता, इल पोर्ता.” नर्स दचकून माझ्याकडे बघायला लागली. “आजी, हे कसला मंत्र म्हणतायत?” मला हसू आलं आणि हसता हसता असं रडू फुटलं की तिने मलाच पाणी आणून दिलं. मला वाटलं, आलं. सुरुवात झाली, आता बाकीचंही येईल.

बाकीचं आलं नाही. पाणी हवं असलं तरी झ पोर्ते. दुखलं तरी झ पोर्ते. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, एवढीशी, भुरभुर चालणारी, मी तिला चिमणी म्हणायची. तिने मला समजावलं. “काकू, जे वर्षानुवर्षं घोकलेलं असतं ना, ते आपोआप बाहेर येतं. वारांची नावं, आकडे, पाढे. ते बोलणं नाही. त्याच्यावर आशा ठेवू नका.” मग तिने त्यांना विचारलं, “काका, तुमचं नाव हे का?” मान डोलली. “तुम्ही टेबल आहात का?” तरी मान डोलली. नंदीबैलासारखी. चिमणीने माझ्याकडे बघितलं नाही, कागद आवरत राहिली. बोललेलं त्यांना किती समजतं, कुणालाच सांगता येईना.

मला मात्र ठाऊक होतं की समजतं. कशावरून, ते विचारू नका. मला ठाऊक होतं एवढंच.

घरी आणल्यावर बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं आणि तिथे लोखंडी पलंग टाकला. बाकं शेजारच्या वाचनालयाला देऊन टाकली. माझं मशीन झाकून ठेवलं. दिवसभर एकच काम, सरांना कुशीवर वळवणं, पुसणं, बसवणं, भरवणं, परत वळवणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. हाडापेराने थोराड माणूस, निम्मं अंग मेलेलं, म्हणजे वजन दुप्पट लागतं. सकाळी एक बाई मदतीला यायची, बाकी मी. माझी कंबर रोज नवीन ठिकाणी दुखायची. सांगायचं कुणाला? मुलाला सांगितलं असतं तर बाबांना कुठेतरी ठेवू या, हा त्याचा घोडा तो पुढे दामटणार, हे ठरलेलं.

तरी ती वेळ आलीच. एका दुपारी बाथरूममध्ये खुर्चीवरून उठवताना माझा पाय सरकला. ते खाली आणि मी त्यांच्या अंगाखाली. फरशी ओली, दार आतून लोटलेलं, माझा हात अडकलेला. ओरडायला गेले तर छातीवर त्यांचं ओझं, आवाजच निघेना. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. “झ पोर्ते! त्यु पोर्ता!” वर्गावर ओरडायचे तसे, खणखणीत, पुन्हा पुन्हा, शेजारचे धावत येईपर्यंत. माझ्या गालावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं. चिमणी म्हणेल, तेही आपोआप.

मुलगा दुसऱ्या दिवशी हजर. एकुलता एक, विम्याच्या ऑफिसात आहे. स्वभावाने चांगला, पण धोक्याशिवाय त्याला दुसरं काही दिसत नाही. माझ्या हाताला बांधलेली पट्टी बघितली आणि दारातच डोळे भरून आले त्याचे. मग बसून एकेक बोलू लागला. शहराबाहेर अशा आजाऱ्यांना सांभाळणारं एक केंद्र आहे. माणसं ठेवलेली आहेत, उचलायला यंत्र आहे, डॉक्टर असतात. जागा रिकामी झाली आहे, रविवारपर्यंत कळवायचं आहे.

“आणि मी?”

“तू रोज जा ना भेटायला. आई, तू मरशील अशाने.”

“मरेन तेव्हा बघू. त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांना घरातून हलवू देणार नाही.”

“कुणाला विचारणार? आई, बाबांना कळत नाही गं. डॉक्टर सांगतात, ती मुलगी सांगते. तू एकटीच म्हणतेस.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलंग तीन हातांवर होता आणि हा बापासमोर बोलत होता, जणू तिथे गादी ठेवली आहे. मी म्हटलं, “आणि कळतं असं तुला दिसलं तर?”

त्याने पलंगाकडे बघितलं. मग म्हणाला, “तर बाबा ठरवतील तसं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. पण तूही बोलायचं नाहीस.”

“कबूल.”

मी कबूल केलं, कारण ते काय ठरवतील याची मला खात्रीच होती. ज्या माणसाला लग्नाच्या जेवणालासुद्धा घर सोडून जायचा कंटाळा, तो परक्या पलंगावर जाईल होय? मुलगा म्हणाला, रविवारी येतो.

पुढचे दिवस मी नाना उपाय केले. चित्रं दाखवली, जुने फोटो दाखवले, प्रश्नांवर प्रश्न विचारले. मान डोलतेच आहे. ‘हो’लाही डोलते, ‘नाही’लाही डोलते. मी चिडले, त्यांच्यावर ओरडले, मग माझीच मला लाज वाटली आणि चादर बदलायला घेतली. त्यांना कुशीवर वळवलं तसं त्यांचं सुरू झालं. “झ पोर्ते, त्यु पोर्ता, इल पोर्ता, नू…” आणि अडकले. कधीकधी अडकायचे तसे. माझे हात चादरीत, डोकं रविवारात. मी सवयीने ओळ पुढे ओढली, पण जिथे ‘पोर्ताम’ यायचं तिथे माझ्या तोंडून शेवटचं ‘पोर्तेर’ निघून गेलं.

टकटक.

डाव्या हाताचं बोट, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर. मी चादर तशीच धरून उभी राहिले. मी पुन्हा म्हटलं, सावकाश, आणि बरोबर म्हटलं. बोट हललं नाही. मग मुद्दाम दुसऱ्याच ठिकाणी चुकले. टकटक.

आता हेही आपोआप असू शकतं, एवढं मला कळत होतं. जन्मभराची सवय. म्हणून मी खुर्ची ओढली, त्यांच्या समोर बसले आणि प्रश्न विचारायचे बंद करून वर्गात घ्यायचे तशी वाक्यं म्हणायला लागले.

“आपला मुलगा डॉक्टर आहे.”

टकटक.

“आपला मुलगा विम्याच्या ऑफिसात आहे.”

काही नाही.

“तो तिथला मोठा साहेब आहे.”

टकटक! आणि तोंडाची जी अर्धी बाजू हलत होती ती हलली. हसले. माझा नवरा बापाच्या नजरेने हसला. मी त्यांचा तो डावा हात दोन्ही हातांत धरला आणि इतके दिवस जे आवरून धरलं होतं ते सगळं सोडून दिलं. ते माझ्याकडे बघत होते. इतके दिवस तिथेच होते ते, आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोर ते नसल्यासारखं बोलत होतो.

चिमणीला बोलावलं. तिने स्वतः करून बघितलं, खोटी वाक्यं, खरी वाक्यं, सोपी, वाकडी. कधी ते दमून चुकायचे, लांब वाक्य असलं तर गोंधळायचे. पण आखूड वाक्य, सावकाश म्हटलं, की बोट बरोबर. ती पोरगी खुर्चीतून उठून उभीच राहिली. “काकू, यांच्याकडे ‘नाही’ आहे! विचारलं की सापडत नाही त्यांना, पण चूक ऐकली की सापडतं. मी असं कधी बघितलं नाही.” मग मला म्हणाली, महत्त्वाचं काही असेल तर दोन्ही बाजूंनी म्हणा. एकदा असं, एकदा उलट. दोन्ही जुळलं तरच धरा. मी म्हटलं, अगं, आतल्या बाकावरची आहे मी, मला नको शिकवूस.

रविवारी मुलगा आला. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, “तू वाक्यं म्हण. जे मला ठाऊक नाही असं काहीतरी म्हण, म्हणजे मी खुणा केल्या असं वाटायला नको. चुकीचं असेल तर ते टकटक करतील.”

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग बापाकडे वळला. हळूच म्हणाला, “मी फ्रेंचमध्ये नापास झालो, तेव्हा बाबा मला खूप रागावले.”

टकटक.

मुलाचा चेहरा उतरला. मला तर त्या नापासाचा पत्ताच नव्हता! गुणपत्रक मला दाखवलं होतं ते सही झाल्यावर, घाईघाईत, वरवर. बापलेकांनी मिळून मला गुंडाळलं होतं, इतकी वर्षं.

“तेव्हा बाबा मला… पुलावर घेऊन गेले,” मुलगा म्हणाला. “आम्ही बोटी बघत बसलो.”

बोट हललं नाही. डोळे मात्र त्याच्यावर लागलेले.

“काही बोलले नाहीत ते. नुसते बसले होते माझ्याशेजारी,” असं म्हणता म्हणता माझा चाळिशीचा मुलगा वाकला आणि त्याने पलंगाच्या कठड्यावर कपाळ टेकलं. सरांचा डावा हात सरकत सरकत त्याच्या केसांपर्यंत गेला. त्या घडीला मला वाटलं, आता जगात माझ्याइतकी सुखी बाई नाही.

नाक पुसून मुलगा म्हणाला, “चुकलो आई. बाबांना सगळं कळतंय. आता विचार तू.”

मी पदर खोचला. विचारायचं कसलं? मला उत्तर ठाऊक होतं. फक्त मुलाला ऐकवायचं होतं. मी सरांच्या समोर बसले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि चिमणीने सांगितल्याप्रमाणे आखूड वाक्य, सावकाश म्हटलं.

“तुम्हाला इथेच, घरी राहायचंय.”

टकटक.

मला वाटलं, बोट घसरलं. मुलाचा हात लागला असेल. मी त्याला मागे सरकायला सांगितलं आणि पुन्हा म्हटलं. “तुम्हाला घरी राहायचंय.”

टकटक.

खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. दमले असतील, गोंधळले असतील. उलट बाजूने म्हणायचं होतं. “तुम्हाला… तिकडे जायचंय. त्या केंद्रात.”

बोट कठड्यावर होतं. हललं नाही. मी वाट बघितली. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत वाट बघितली. हललं नाही.

“आई,” मुलगा म्हणाला.

“तू गप्प बैस. एक शब्द बोलणार नव्हतास ना?” मी ओरडले. मग त्यांच्याकडे वळले. एवढं करून, एवढं सगळ्यांशी भांडून, हे उत्तर? “तुम्हाला माझा कंटाळा आलाय.”

टकटक, टकटक, टकटक. इतक्या जोरात की कठडा वाजला. एका चुकीला एकच टकटक, हा त्यांचाच नियम होता आणि तो त्यांनी आयुष्यात कधी कुणाला मोडू दिला नव्हता.

“मग का? तिथे यंत्र आहे म्हणून? डॉक्टर आहेत म्हणून?” मी विसरलेच की प्रश्न विचारायचे नसतात. त्यांची मान उगाच डोलली. ते माझ्या हातावरच्या पट्टीकडे बघत होते. बाथरूममध्ये फरशीवर पडलो तेव्हा माझ्याकडे बघत होते तसे.

मला कळलं ते काय बघतायत. मी हात पाठीमागे घेतला. ताठ बसले, कंबरेतून कळ गेली ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही, आणि अगदी शांतपणे, वर्गात म्हणतात तसं, चेहरा साळसूद ठेवून म्हटलं, “मी दमलेली नाही.”

त्यांनी डोळे मिटले. बोट उचललं. हळूच, अगदी हळूच, कठड्यावर टेकवलं.

टकटक.

मी पाठीमागचा हात पुढे घेतला आणि त्यांच्या बोटावर ठेवला. मग मी मुलाला म्हटलं, “लाव फोन त्या लोकांना.”

“आई, आत्ता नको. तू रागात आहेस. आपण उद्या शांतपणे…”

“अरे, इतक्या महिन्यांनी ते काहीतरी बोलले,” मी म्हटलं. “आणि विचारलं मीच ना? लाव.”